साहेबाचा व्हरांडा

माणसांप्रमाणे घरांचेही दोन प्रकार असतात. काही घरे पाहुण्याला पाहताच छाती पुढे काढून उभी राहतात, तर काही नुसतीच 'या, बसा' म्हणतात. पहिल्या प्रकारची घरे पाहायला मी तिकीट काढूनही जातो. पण राहावेसे वाटते ते दुसऱ्या प्रकारच्या घरात. महाबळेश्वरचे जुने बंगले पाहताना मला नेहमी एका गोष्टीची गंमत वाटते. ज्या गोऱ्या साहेबाने आपल्या देशात दीडशे वर्षे छाती पुढे काढण्यात घालवली, त्याने राज्य करायला कचेऱ्या बांधल्या त्या पहिल्या जातीच्या. आणि स्वतःला राहायला घर बांधले ते मात्र दुसऱ्या जातीचे!

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका बंगल्यात आम्ही उभयता चार दिवस राहिलो. बंगल्याचे आता हॉटेल झाले आहे आणि पाटीवर 'हेरिटेज' हा शब्द लागला आहे. हा शब्द लागला की भाड्याच्या आकड्यावर एक शून्य चढते, असा माझा अनुभव आहे. हॉटेलचे नाव सांगत नाही. सांगितले तर जाहिरात केल्यासारखे व्हायचे, आणि भाडे सांगितले तर उलट परिणाम व्हायचा. भाडे ऐकून आमची सौ. म्हणाली, "एवढ्यात सांगलीला महिन्याचा किराणा येतो हो!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती व्हरांड्यात बसली ती अकरा वाजले तरी उठेना. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, "काही नाही. इथे बसले की उठावेसेच वाटत नाही." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. भाडे तिथेच वसूल झाले.

मग मीही बसल्या बसल्या विचार करू लागलो, की या घरात असे आहे तरी काय? म्हटले तर काहीच नाही. जांभ्याच्या लाल दगडाच्या जाड भिंती. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच जोते. वर उतरते छप्पर, आणि ते छप्पर भिंतीशी न थांबता पुढे झेपावून लाकडी खांबांवर टेकलेले. ते खांब आणि भिंत यांच्यामध्ये चांगला दहा फूट रुंद व्हरांडा. त्यात लांबच लांब हातांच्या वेताच्या खुर्च्या; हात लांब अशासाठी की साहेबाने त्यांवर पाय टाकावेत. खोल्यांची छते इतकी उंच, की दिव्याला लागलेले कोळ्याचे जाळे काढायचे तर शिडी आणायला हवी. प्रत्येक खोलीला समोरासमोर दारे, दारांना झिलमिली, आणि दारांच्याही वर छताजवळ लहान लहान झडपा. कोरीव काम नाही, संगमरवर नाही, कमानींचा थाट नाही. आणि तरीही मनुष्य तिथे बसला की उठत नाही.

याचे कारण उघड आहे. या घरातली प्रत्येक वस्तू उन्हाशी आणि पावसाशी काहीतरी बोलणे करून बसलेली आहे. ऊन भिंतीला लागूच द्यायचे नाही, म्हणून व्हरांडा. ज्या भिंतीवर ऊन पडत नाही ती तापत नाही, आणि जी तापत नाही ती रात्री माणसाच्या अंगावर उष्णता ओकत नाही. तापलेली हवा वर चढते; तिला चढायला जागा हवी म्हणून उंच छत, आणि वर गेल्यावर बाहेर पडायला वाट हवी म्हणून त्या झडपा. ती बाहेर गेली की खालच्या दारांतून गार हवा आपोआप आत येते. समोरासमोरची दारे उघडली की वारा घरात पाहुण्यासारखा न थांबता शेजाऱ्यासारखा येऊन-जाऊन राहतो. झिलमिलीतून वारा आत येतो, पण ऊन आणि परक्याची नजर बाहेर राहते. ओल आणि वाळवी दूर राहावी म्हणून उंच जोते. यात वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. घरच यंत्र आहे!

आता कोणी विचारील, की महाबळेश्वर म्हणजे साडेचार हजार फूट उंचीवरचे थंड ठिकाण; तिथे उन्हापासून पळायला व्हरांडा कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या खोलीत तर व्हरांड्याकडच्या दाराला लागूनच चांगली मोठी दगडी शेकोटी होती. एका हातात पंखा आणि दुसऱ्या हातात शेगडी घेतलेल्या माणसासारखा तो बंगला मला वाटला. पण याचे उत्तर हॉटेलच्या म्हाताऱ्या माळ्याने दिले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही उन्हाळ्यात येता म्हणून इचारता. आषाढात या, मग पडवी कशाला ते कळंल." खरेच आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो नुसता वरून पडत नाही, आडवा येतो. जांभा दगड म्हणजे पाणी पिणारा. त्याला थेट पाऊस लागला तर भिंती आतून पाझरू लागतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर इथल्या घरांना गवताच्या ताट्यांनी चहूबाजूंनी झाकून घ्यायची रीत पडली. म्हणजे मैदानात जो व्हरांडा उन्हासाठी होता, तोच डोंगरावर पावसासाठी उभा राहिला. चांगल्या वस्तूचे हेच लक्षण, की ती बदली झाल्यावरही कामाला येते.

आणि ही वस्तू तरी साहेबाची कुठे होती? 'बंगला' हा शब्दच सांगतो, की तो बंगालचा. सतराव्या शतकात कंपनीचे लोक बंगालमध्ये उतरले तेव्हा तिथल्या उकाड्यात त्यांचे विलायती घर निरुपयोगी ठरले. तिथला शेतकरी मात्र खाली झुकलेल्या गवती छपराच्या झोपडीत सुखाने राहत होता. साहेबाने ती झोपडी उचलली, मोठी केली, भोवती व्हरांडा फिरवला आणि शेतकऱ्याच्या झोपडीचा कलेक्टरचा बंगला झाला. व्हरांडा या शब्दावर पोर्तुगीजही हक्क सांगतात आणि आपणही सांगतो. तो वाद पंडितांनी मिटवावा. पुढे १८७० च्या सुमारास हा बंगला खुद्द इंग्लंडात, केंट परगण्यातल्या समुद्रकाठी, सुट्टी घालवण्याचे घर म्हणून जाऊन पोहोचला. बंगालच्या शेतकऱ्याला याचे काही श्रेय मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

श्रेयाचा विषय निघालाच आहे, तर महाबळेश्वरचा हिशेबही पाहायला हवा. सर जॉन माल्कम हा १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याला हे डोंगरमाथ्यावरचे हवापाणी आवडले, आजारी गोऱ्या शिपायांना इथे ठेवावे असे वाटले. जागा होती साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची. १८२९ च्या कराराने महाराजांनी ती कंपनीला दिली आणि मोबदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. तिथे वसलेल्या पेठेला गव्हर्नरच्या नावावरून माल्कम पेठ म्हणू लागले. ज्याने जागा मागितली त्याचे नाव गावाला लागले; ज्याने दिली त्याचे काय झाले? दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, कटाचा आरोप ठेवून कंपनीने प्रतापसिंहांना गादीवरून काढले आणि काशीला पाठवून दिले. महाबळेश्वरची गार हवा ज्याने देऊन टाकली, त्याने उरलेले आयुष्य काशीच्या रखरखीत उन्हात काढले आणि १८४७ मध्ये तिथेच देह ठेवला. त्याची बाजू मांडण्यासाठी विलायतेला गेलेले रंगो बापूजी १८५३ साली रिकाम्या हाताने लंडनहून निघाले. तोवर, १८४८ मध्येच, सातारचे राज्यही खालसा झाले होते. ज्या वेण्णा तलावात आज आपण होडीत बसून फोटो काढतो, तो १८४२ मध्ये बांधला प्रतापसिंहांच्या धाकट्या भावाने, आप्पासाहेब महाराजांनी. म्हणजे जागा आपली, पाणी आपले, दगड आपला. नाव तेवढे माल्कमचे.

हात कोणाचे, हेही सांगायला हवे. १८३४ पासून १८६४ पर्यंत महाबळेश्वरला एक तुरुंग होता आणि त्यात पूर्वेकडच्या मुलखातून आणलेले चिनी व मलायी कैदी होते. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली. त्यांनी बटाटे लावले, विलायती भाज्यांचे मळे केले. वेताचे विणकामही इथल्या लोकांनी त्यांच्याकडूनच घेतले असे सांगतात. चायनामन नावाचा धबधबा अजून त्यांची आठवण ठेवून आहे. हे समजल्यापासून त्या लांब हातांच्या वेताच्या खुर्चीत मला पूर्वीसारखे ऐसपैस पसरता येईना. वेताचा एकेक पेर मोजावासा वाटू लागला. घरापासून हजारो मैलांवर, परत जाण्याची आशा नसलेल्या कुणाच्या तरी बोटांकडून हे विणकाम इथे आले असेल, आणि मी त्यावर मागे रेलून सूर्यास्त पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट नजरेस आली. आमच्या न्हाणीघराला दोन दारे होती. एक खोलीत उघडणारे, आणि दुसरे मागच्या बाजूला बाहेर. आता ते बाहेरचे दार खिळे ठोकून बंद केले होते. सौ.ने विचारले, "हे दुसरे दार कशाला?" मला ठाऊक होते, पण चटकन सांगवेना. नळ आणि भुयारी गटारे नव्हती त्या काळी बंगल्याच्या न्हाणीघराला बाहेरून दार ठेवीत, ते सफाई करणाऱ्यासाठी. त्याने मागून यावे, मागून जावे. घरातून त्याने जाऊ नये आणि साहेबाच्या पाहुण्यांना तो दिसू नये. समोरचा दहा फुटांचा व्हरांडा 'या, बसा' म्हणत होता खरा; पण कोणाला, ते मागचे दार सांगत होते.

इथे एखादा देशाभिमानी वाचक म्हणेल, की मग सोडा तो साहेबाचा बंगला. आपला वाडा काय वाईट आहे? वाईट मुळीच नाही. व्हरांड्याचे सारे गुण आमच्या सांगलीच्या घरातल्या ओसरीतही आहेत. आमचे घर गावठाणात, आजोबांच्या वडिलांनी बांधलेले. रस्त्यापासून तीन पायऱ्या चढले की ओसरी. सागवानी खांब, खाली शहाबादी फरशी, वर मंगळुरी कौले. ही कौलेही पाहुणीच. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये त्यांचा कारखाना घातला आणि पुढे अर्ध्या हिंदुस्थानच्या डोक्यावर ती चढली. ओसरीमागे माजघर, मध्ये चौक. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि ओसरीवरून गार झुळूक आत ओढली जाते. वैशाखात सांगलीचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा आजोबा ओसरीवर पंचा टाकून निजत आणि त्यांचे घोरणे कृष्णेच्या घाटापर्यंत ऐकू जाई असे आत्या सांगे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडवरून फिरत सांगलीला येते. तसेच बंगल्याचे आणि वाड्याचे नाते असावे. उगम आणि घाट यांत अंतर आहे, पाणी एकच.

पण एकच म्हटले तर गाळही एकच म्हणायला हवा. आमच्या त्या तीन पायऱ्यांवर सारा समाज मांडलेला होता. ओसरीवर कोणी यायचे, पायरीवर कोणी बसायचे आणि रस्त्यावरच कोणी थांबायचे, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. पण कोणी चुकतही नव्हते. परसातून बोळात उघडणारे एक दार आमच्याही घराला आहे, आणि तेही त्याच कामासाठी होते. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या जुन्या वाड्यात हायस्कूल भरे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. वर्गात तो इतरांबरोबर बसू शकत नसे. त्याने बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा, आणि तहान लागली तर दुसऱ्याने नळ सोडेपर्यंत थांबायचे, असा नियम होता. हे त्या मुलाने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. तो मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. वाडा मराठ्यांच्या राजाचा होता, सरकार इंग्रजांचे होते, आणि गोणपाट त्या मुलाचे स्वतःचे होते. तेव्हा साहेबाच्या मागच्या दाराकडे बोट दाखवताना आपली तीन बोटे कुठे वळतात, ते पाहिलेले बरे.

मग या घरांवर प्रेम करावे की करू नये? चार दिवस मी याच प्रश्नाभोवती व्हरांड्यात फेऱ्या घालत होतो. उत्तर सुचले ते शेजारच्या पांचगणीमुळे. ६ मे १९४४ रोजी गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटले. तो पॅलेस म्हणजे रुंद व्हरांड्यांची, भोवती बाग असलेली, १८९२ मध्ये बांधलेली सुंदर वास्तू. तिच्यात कैदेत असतानाच आधी महादेवभाई देसाई आणि मग कस्तुरबा गेल्या. जगात यापेक्षा देखणा तुरुंग क्वचितच असेल, आणि तरी तो तुरुंगच. सुटल्यावर त्याच वर्षी जुलैत गांधीजी पांचगणीला 'दिलखुश' नावाच्या बंगल्यात राहिले. हाही बंगला, तोही व्हरांडा. पण इथे संध्याकाळच्या प्रार्थनेला येणाऱ्यांना मागच्या दाराने यावे लागत नव्हते. घर बांधणीने तेच होते. राहणारा बदलला आणि घराचा अर्थ बदलला. छपराची सावली काही माणूस पाहून पडत नाही. कोणाला तिच्यात घ्यायचे आणि कोणाला उन्हात ठेवायचे, हे घरधनी ठरवतो. सावलीचा त्यात दोष नाही.

हे सारे मी इतक्या तावातावाने का सांगतो आहे, त्याला कारण आहे. आमचे सांगलीचे घर आता पडायचे आहे. आम्ही तिघे भाऊ. एक पुण्याला, एक अमेरिकेत आणि मी सांगलीत. घराची एक भिंत फुगली आहे, वासे कुजले आहेत, आणि २०१९ च्या महापुरानंतर ते पूर्वीसारखे उभे राहिलेच नाही. दुरुस्तीचा खर्च कोणालाच परवडणारा नाही. तेव्हा बिल्डरला द्यायचे ठरले. त्यात वाईट वाटण्यासारखे आहे, तक्रार करण्यासारखे नाही. माणसांप्रमाणे घरेही म्हातारी होतात.

बिल्डर नकाशा घेऊन आला. मनुष्य सज्जन. पाच मजले, खाली गाड्या, वर फ्लॅट. मी नकाशावर बोट फिरवत विचारले, "यात ओसरी कुठे आहे?" त्याला वाटले मी थट्टा करतो आहे. म्हणाला, "काका, प्रत्येक फ्लॅटला बाल्कनी आहे की!" बाल्कनी चार फुटांची. आमच्या ओळखीच्या शंभर घरांपैकी नव्वद घरांनी तिला सरकत्या काचा लावून खोलीत ओढून घेतले आहे आणि उरलेल्या दहांत कपडे वाळत आहेत. पश्चिमेला अंगभर काच, त्यामुळे दुपारी तीनपासून खोली भट्टीसारखी तापणार; ती गार करायला आत यंत्र, आणि ते यंत्र आतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत सोडणार. शेजाऱ्यालाही मग यंत्र लागणार. पुतण्याने फोनवरून मला समजावले, "काका, हल्ली कोण बाहेर बसतं?" हा पुतण्या दरवर्षी सुट्टीत येतो तेव्हा महाबळेश्वरला जातो आणि व्हरांडा असलेलीच खोली मागतो. जे घरी फुकट होते ते पाडायचे आणि डोंगरावर जाऊन रात्रीच्या भाड्याने घ्यायचे, असा हा आपला व्यवहार.

हेरिटेज हॉटेलातल्या व्हरांड्याचे आपल्याला एवढे वेड का, याचे उत्तर मला इथे सापडते. आपल्याला साहेब व्हायचे नसते. टोपीवाला खानसामा, चांदीची चहादाणी, भिंतीवरचे सांबराचे शिंग ही सगळी दोन दिवसांची करमणूक. आपण जातो ते घर आणि रस्ता यांच्यामधली ती जागा शोधायला, जी आतही नाही आणि बाहेरही नाही. तिथे बसलेल्या माणसाला काही काम असावे लागत नाही. रस्त्याने जाणारा ओळखीचा मनुष्य दारावरची घंटा न वाजवता येऊन टेकू शकतो. मुले पावसात खेळू शकतात आणि आई ओरडत नाही. माझे सारे पाठांतर ओसरीवर झाले, बहिणीचे लग्न ओसरीवर ठरले आणि वडिलांना निरोपही आम्ही तिथूनच दिला. फ्लॅटच्या दारातून हे सगळे लिफ्टने खाली न्यावे लागेल.

म्हणून मी बिल्डरला एकच अट घातली आहे. पैसे कमी द्या, माझा फ्लॅट एका खोलीने लहान करा. पण तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूने, आठ फूट रुंद आणि इमारतीभर लांब ओसरी ठेवा. तिला जाळी नको, कुलूप नको, आणि मुख्य म्हणजे पायऱ्या नकोत. उतार ठेवा, म्हणजे म्हाताऱ्यालाही चढता येईल आणि पायरीवर थांबवण्यासारखे कोणी उरणार नाही. पोस्टमन, घरकाम करणाऱ्या बायका, कचरा गोळा करणारा आणि भाजीवाली यांनी तिथे घटकाभर सावलीत बसावे. मागचे दार नकाशातून मी स्वतः खोडले आहे. पुण्याचा भाऊ हसला, अमेरिकेचा 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणाला. बिल्डरने "ओसरीला रेट नाही, काका" म्हणून बराच वेळ हिशेब केला.

अखेर कराराच्या मसुद्यात तेवढी एक ओळ त्याने लिहून आणली. त्याच्या कारकुनाने 'ओसरी' शब्द समजेल की नाही या शंकेने पुढे कंसात 'व्हरांडा' असे लिहिले आहे. मी तो कंस तसाच राहू दिला आणि खाली सही केली.